नान्युकीच्या चिखलात कोणती गाडी घ्यावी?

पत्र: "मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. कृषी पदवीनंतर तळेगाव दाभाड्याला गुलाबाच्या पॉलिहाऊसवर काम केलं. आता केनियात, नान्युकीच्या पुढे तिमाऊजवळच्या एका गुलाबाच्या फार्मवर रुजू झालोय. करार दोन वर्षांचा आहे, वाढेलही. पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी पुढच्या महिन्यात येतील. घर डांबरी रस्त्यापासून नऊ किलोमीटर आत आहे आणि आतला रस्ता सगळा कच्चा. मुलीची शाळा नान्युकीत. पत्नी पुण्यात स्विफ्ट चालवायची. बजेट १२ लाख केनियन शिलिंग, म्हणजे आपले आठेक लाख रुपये. पर्याय तीन आहेत. सहकारी परत चाललाय, त्याची २००४ सालची डिझेल लँड क्रूझर प्राडो पूर्ण १२ लाखांत मिळते. सकाळी सुरू करताना थोडी खडखडते, पण 'डिझेल आहे, चालायचंच' असं तो म्हणतो. दुसरा पर्याय, जपानहून थेट निसान एक्स-ट्रेल मागवायची. तिसरा, नान्युकीतलीच २००८ सालची पेट्रोल सुझुकी एस्कुडो, साडेनऊ लाखांना. फार्मवर सगळे म्हणतात प्राडो सोडू नकोस. वडील फोनवर म्हणतात महिंद्रा बघ. सुट्टीत सांबुरूचं अभयारण्य आणि कधीतरी तुर्काना सरोवर पाहायचं आहे. काय करू?"

नमस्कार,

आधी उत्तर देतो, मग कारणं. ही प्राडो घेऊ नका. एक्स-ट्रेलचा नादही सोडा. एस्कुडो नीट तपासून घ्या, आणि ती तपासणीत नापास झाली तर दुसरी एस्कुडो शोधा. वाचलेले पैसे टायरना आणि दुरुस्तीला ठेवा.

पत्रात तुम्ही सांबुरू, तुर्काना सगळं लिहिलंत, पण गाडी ठरवणारी गोष्ट एका ओळीत आटोपलीत. शाळा नान्युकीत आहे. तिमाऊ ते नान्युकी वीस-पंचवीस किलोमीटर आणि आतले नऊ, म्हणजे एका बाजूचे तीस धरा. सोडायला एक खेप, आणायला एक खेप, दोन्ही जाऊन-येऊन, म्हणजे दिवसाला १२० किलोमीटर. महिन्याला अडीच हजारांवर रनिंग होतं, आणि त्यातला बहुतेक भाग सरळ डांबरी रस्त्यावर. त्यामुळे पहिला सल्ला गाडीचा नाहीच. शाळेची बस तुमच्या फाट्यापर्यंत येते का, हे आजच विचारा. येत असेल तर रोजचं अंतर एकदम खाली येईल आणि पुढचे सगळे हिशेब हलके होतील.

उरले ते नऊ किलोमीटर. लायकिपिया पठाराच्या त्या पट्ट्यात मोठ्या भागावर काळी कापसाची माती आहे. तुम्ही कृष्णाकाठच्या बाजूचे, तुम्हाला ती वेगळी सांगायला नको. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पाऊस पडला की पायाला वीतभर चिकटणारा चिखल. गाडीच्या बाबतीत ती दोन कामं करते. टायरच्या खाचा भरून टाकते, मग चाक गुळगुळीत होतं आणि जोर लावाल तसं नुसतं फिरतं. दुसरं, जड गाडीला ती पोटात घेते. मार्च ते मे मोठा पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा पाऊस, म्हणजे वर्षाचे पाच-सहा महिने हा प्रश्न तुमच्या दारात असेल. अशा चिखलात दोन टनांच्या घरातली प्राडो गुळगुळीत टायरवर उभी केली तर रुतून बसते, आणि तिच्यापेक्षा चारेकशे किलो हलकी एस्कुडो चांगल्या टायरवर बिनबोभाट निघून जाते. फार्मवरच्या लोकांचं प्राडोवरचं प्रेम खोटं नाही, गाडी उत्तमच आहे. पण त्यांच्या डोळ्यांसमोर प्राडोचं नाव आहे, आणि तुमच्यासमोर वीस वर्षं वापरलेली एक विशिष्ट प्राडो आहे. ही दोन वेगवेगळी वाहनं आहेत.

त्या प्राडोबद्दल सविस्तर लिहितो, कारण १२ लाख तिथेच अडकायची शक्यता सर्वांत जास्त दिसते. २००४ सालच्या जपानी डिझेल प्राडोत तीन लिटरचं डी-फोर-डी इंजिन असतं, कोड १केडी. ओढायला जबरदस्त, पण त्याचं एक जुनं आणि सर्वज्ञात दुखणं आहे. डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचे वॉशर असतात. ते वयोमानाने गळायला लागले की ज्वलनाचा गॅस इंजिनच्या वरच्या झाकणाखाली शिरतो. तिथल्या तेलाचा कोळसा व्हायला लागतो, त्याच्या खपल्या तेलाबरोबर खाली येतात आणि चेंबरमधली, म्हणजे इंजिनच्या बुडाशी तेल साठतं त्या भागातली, तेल ओढणारी जाळी बुजवतात. तेलाचा दाब पडतो, आणि बाहेरून ठणठणीत दिसणारं इंजिन एखाद्या चढावर जाम होतं. याची पहिली खूण कोणती, तर सकाळी थंड इंजिन सुरू करताना येणारा खडखडाट. तुमच्या सहकाऱ्याने ती अगदी प्रामाणिकपणे सांगितली आहे. त्याला तिचा अर्थ कदाचित माहीत नसेल, पण तुम्ही "चालायचंच" म्हणून सोडून देऊ नका.

तरीही मन त्या गाडीतच असेल, तर दोन गोष्टी करा. गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगा आणि सकाळी तुमच्यासमोर सुरू करा. तुम्ही पोचायच्या आत ती तापवून ठेवलेली असेल तर काहीही न बोलता परत या. इंजिन चालू असताना तेल भरायचं झाकण सैल करा. भसाभसा धूर आणि झाकण उडवणारी हवा आली, म्हणजे ज्याला आपले मेकॅनिक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते दिसलं, तर विषय संपला. ते ठीक निघालं, तरी चेंबर उतरवून जाळी पाहू द्या म्हणा. तो नाही म्हणाला तर तुम्हीही नाही म्हणा. चार इंजेक्टर बदलायची वेळ आली तर लाखांत जाल, आणि इंजिन गेलं तर गाडीच्या किमतीचा मोठा वाटा जाईल. बजेटचा शेवटचा शिलिंग गाडीत घातल्यावर हा खर्च कुठून करणार? डिझेलमुळे महिन्याला वाचतं किती, तेही पाहा. अडीच हजार किलोमीटरला एस्कुडो लिटरला नऊ देईल आणि प्राडो दहा. लिटरचा दर १८० शिलिंग धरला तर फरक महिन्याला पाचेक हजारांचा. वर्षभराची बचत एका इंजेक्टरच्या कामात जाईल.

आता एक्स-ट्रेल. जपानहून गाडी मागवणं दिसायला फार सोपं आहे. फोटो येतात, लिलावाची शीट येते, मीटरवर कमी किलोमीटर दिसतात. पण केनियात पहिल्या नोंदणीपासून आठ वर्षांच्या आतलीच गाडी आणता येते. २०२५ साली आणायची तर २०१८ किंवा नंतरची नोंदणी लागायची, आणि दर जानेवारीला ही रेषा एक वर्षाने पुढे सरकते. म्हणजे स्वस्त आणि जुनी असा मेळ बंदरावरच तुटतो. त्यावर आयात शुल्क, अबकारी, १६ टक्के व्हॅट आणि आणखी किरकोळ आकार येतात, तेही एकावर एक चढत. कर तुम्ही जपानात मोजलेल्या किमतीवर लागत नाही. कर खात्याच्या यादीतली नव्या गाडीची किंमत घेऊन त्यातून घसारा वजा करतात आणि त्या आकड्यावर लावतात. मोंबासाला गाडी हातात पडेपर्यंत रक्कम तुमच्या बजेटच्या जवळपास दुप्पट झालेली असेल. पैसे सोडून दिले तरी गाडीच तुमच्या रस्त्याची नाही. तिला लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारे जादा गिअर, नाहीत आणि गिअरबॉक्स सीव्हीटी, म्हणजे पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक, आहे. चिखलात चाकं फिरवत राहिलात की तो तापतो आणि गाडी स्वतःच्या रक्षणासाठी ताकद कमी करते. नेमक्या त्या क्षणी तुम्हाला ताकद हवी असते.

तिसरा पर्याय तुम्ही सर्वांत शेवटी लिहिलात, जणू पडेल किमतीचा म्हणून. मला विचाराल तर तुमच्या कामाची गाडी तीच आहे. ही एस्कुडो म्हणजे २००५ पासूनची पिढी. भारतात मारुतीने काही वर्षं बाहेरून तयार आणून जी ग्रँड विटारा विकली, तीच. हल्ली पुण्याच्या रस्त्यांवर दिसणारी नवी ग्रँड विटारा पूर्णपणे वेगळी आहे, तिच्याशी गल्लत करू नका. जुन्या गाडीच्या बॉडीतच शिडीसारखी चौकट वेल्ड केलेली असते, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर ती विस्कटत नाही. चारही चाकांना कायम ताकद मिळते. आणि मुख्य म्हणजे लो रेंज मिळते, जी या आकाराच्या आणि या किमतीच्या गाड्यांत फार थोड्यांना असते.

लो रेंज मिळते असं म्हटलं, पण काही मॉडेलना नसतेही. म्हणून आत बसल्या बसल्या डॅशबोर्डवर मध्यभागी एक गोल नॉब शोधा. त्यावर न्यूट्रल, फोर-एच, फोर-एच लॉक आणि फोर-एल लॉक अशा खुणा हव्यात. एच म्हणजे हाय, एल म्हणजे लो रेंज. फोर-एल नसेल तर ती गाडी तुमच्यासाठी नाही. असेल तर गाडी मातीच्या जागेवर न्या. डांबरावर हा प्रयोग करू नका, लॉक लागलेली चाकं डांबरावर एकमेकांशी भांडतात आणि आतल्या भागांवर ताण येतो. गाडी पूर्ण थांबवा, ब्रेकवर पाय ठेवा, गिअर न्यूट्रलला आणा आणि नॉब फोर-एल लॉकवर फिरवा. मीटरमधला दिवा आधी लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. तो लुकलुकतच राहिला तर मोटर किंवा वायरिंगचं काम आहे. स्थिर झाल्यावर गाडी हळू चालवा. इंजिन जास्त फिरतंय आणि गाडी मात्र चालण्याच्या वेगाने निघाली आहे, असं जाणवलं म्हणजे लो रेंज लागली. घसरणीच्या उतारावर हीच तुमची खरी ब्रेक असेल.

या गाडीचीही दुखणी आहेत, ती माहीत असू द्या. पुढच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल कुरकुरतो. ६० ते ८० च्या वेगात खिडक्या बंद करून ऐका, पुढून घूं-घूं असा आवाज वेगाबरोबर वाढत असेल तर बेअरिंग गेलं. इंजिनमध्ये टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. ही चांगली गोष्ट, पण तेल वेळेवर न बदललेल्या गाडीत ती सैल होते. थंड इंजिन सुरू केल्यावर क्षणभर कडकड होऊन थांबली तर चालेल, चालूच राहिली तर किमतीतून मोठी रक्कम कमी करा किंवा सोडून द्या. सस्पेन्शनमधले मागच्या आर्मचे बुश आणि पुढचे लिंक मुरमाच्या लाटालाटांच्या रस्त्यावर झिजतातच. ते स्वस्त काम आहे, त्यावरून गाडी नाकारू नका, पण भाव पाडायला वापरा. गिअरबॉक्सचं तेल लालसर असावं, काळपट आणि जळका वास असलेलं नको. आणि कुणाला तरी खाली झोपून पाहायला लावा. जपानच्या बर्फाळ भागात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथून आलेल्या गाड्या वरून चकचकीत आणि खालून गंजलेल्या असू शकतात. चौकटीवर नवा काळा रंग मारलेला दिसला तर पाना हलका ठोकून पाहा. आवाज कणखर हवा, भदभद नको.

मीटरवर मात्र विसंबू नका. वीस वर्षांच्या आसपासच्या गाडीचं मीटर ९० हजार दाखवत असेल आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालं असेल, तर पेडलवर विश्वास ठेवा. बॉनेटखालच्या पत्र्यावर मॉडेल कोड असतो. दोन लिटरच्या या एस्कुडोचा कोड टीडी५४डब्ल्यू. तो, चासी नंबर आणि कागदावरचा नंबर एकमेकांशी जुळले पाहिजेत.

उंचीचाही विचार करा. नान्युकी १,९०० मीटरच्या वर आहे आणि तिमाऊ त्याहून बरंच वर. आपलं महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, त्यावरून अंदाज घ्या. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला ढोबळ दहा टक्क्यांनी घटते, म्हणजे तुमच्याकडे पाचवा हिस्सा तरी गेलाच. दोन लिटरची एस्कुडो तीन माणसं आणि बाजार घेऊन चालेल, चढावर थोडी दमेल एवढंच. २.४ लिटरची मिळाली तर फारच छान. १.३ ची जिम्नी चिखलात अफलातून आहे, पण त्या उंचीवर सामानासकट डांबरी रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करताना जीव टांगणीला लागेल. आणि तुमचं रोजचं काम त्याच रस्त्यावर आहे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. प्राडोच हवी असेल तर २.७ पेट्रोलची बघा, कोड टीआरजे१२०. ते इंजिन साधं आणि दणकट आहे, तहान मोठी. पण चांगल्या स्थितीतली १२ लाखांत मिळणं मला कठीण वाटतं. त्याआधीच्या ९० मालिकेतली तीन लिटर डिझेल बजेटमध्ये बसेल. तिच्यात एकदा गरम झालेल्या इंजिनाचं हेड तडकतं, म्हणून रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का ते पाहिल्याशिवाय हात लावू नका. सुबारू फॉरेस्टर निसरड्यावर छान पकड ठेवते आणि केनियात लोकप्रियही आहे. शाळेची बस फाट्यावर येत असेल आणि आतला रस्ता मुरूम टाकून केलेला असेल तर ती चालेल, फक्त टर्बोची नको. जुनी लँड रोव्हर डिफेंडर घेऊन तुम्ही रविवारचे रविवार तिच्याखाली घालवाल. ज्याला त्यात आनंद आहे त्याने घ्यावी, सहा वर्षांच्या मुलीला शाळेत पोचवायला नको.

वडिलांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडे वडापच्या जीपगाड्या कसल्या रस्त्यांवर कसल्या ओझ्याने धावल्या, हे त्यांनी पाहिलंय. महिंद्राच्या गाड्या केनियातही विकल्या जातात. पण प्रश्न असा की नान्युकीच्या बाजारात मंगळवारी दुपारी तिचा क्लच मिळेल का, आणि दोन वर्षांनी ती घ्यायला किती लोक पुढे येतील. टोयोटा आणि सुझुकीचे भाग नान्युकीत मिळतात, तिथे नसतील तर नैरोबीच्या किरिन्यागा रोडवरून संध्याकाळच्या गाडीने येतात. परदेशात जुनी गाडी याच हिशेबाने घ्यायची असते. वडिलांना सांगा की त्यांचा मुद्दा साध्या आणि दणकट गाडीचा आहे आणि तो पाळलाय, फक्त छाप वेगळी.

याच कारणासाठी गाडी पाहायच्या आधी फुंडी पाहा. तिकडे मेकॅनिकला फुंडी म्हणतात, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेलच. तुमच्यासारख्या मोठ्या फार्मला स्वतःचं वर्कशॉप असतं, पिकअप आणि ट्रॅक्टर सांभाळणारी माणसं असतात. त्यांतल्या जुन्या माणसाला नीट विचारा की या भागात कुठल्या गाड्या दुरुस्तीला कमी येतात आणि आल्या तर लवकर सुटतात. त्याच्या सुट्टीच्या दिवशी, त्याच्या वेळेचे पैसे देऊन, त्याला एस्कुडो पाहायला सोबत न्या. विकणाऱ्याने सुचवलेला फुंडी नको. त्याशिवाय ऑटोमोबाइल असोसिएशन ऑफ केनियाकडून खरेदीपूर्व तपासणी करून घ्या. फुंडीला खोड कळते आणि असोसिएशनच्या अहवालावर भाव करता येतो, दोन्ही हवेत.

कागदांत घाई नको. वाहन नोंदणीची नोंद सरकारी पोर्टलवरून थोड्या शुल्कात काढता येते. त्यात मालकाचं नाव विकणाऱ्याच्या ओळखपत्राशी जुळतंय का आणि बँकेचा बोजा आहे का, हे दिसतं. मालकासोबत बँकेचंही नाव असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाव बदलायला तुमचा कर खात्याचा पिन आणि परदेशी नागरिकाचं ओळखपत्र लागेल, ते अजून हातात नसेल तर आधी त्याच्या मागे लागा. गाडी पाहिल्याशिवाय मोबाइलवरून इसार पाठवायचा नाही, कितीही "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" म्हटलं तरी. मोठी रक्कम बँकेतून आणि नाव बदलण्याची प्रक्रिया दोघांनी एकत्र बसून सुरू केल्यावरच. विमा कंपनीला आधी फोन करा. ठराविक वयापलीकडच्या गाडीला बऱ्याच कंपन्या पूर्ण विमा देत नाहीत, फक्त थर्ड पार्टी देतात. २००८ च्या गाडीला काय मिळेल, हे किंमत ठरवण्याआधी कळलं पाहिजे.

आता पैसे. साडेनऊ सांगतोय, अहवाल हातात घेऊन नऊपर्यंत आणायचा प्रयत्न करा. उरलेले तीन लाख म्हणजे सुट्टीचे पैसे नव्हेत. त्यातले लाखभर चार चांगल्या ऑल-टेरेन टायरना, आणि हे पहिल्याच आठवड्यात. टायरच्या बाजूला चार अंकी आकडा असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दुकानातही तो पाहूनच घ्या, पडून राहिलेला जुना माल नवा म्हणून मिळू शकतो. एस्कुडोला २२५/६५ आर १७ किंवा २२५/७० आर १६ असं माप असतं आणि दोन्ही सहज मिळतात. उरलेल्यातून सगळी तेलं, फिल्टर, कुलंट, बुश, गरज असेल तर शॉकअप आणि बॅटरी. तरीही लाखभर शिल्लक राहिले पाहिजेत. ते बाजूला ठेवा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात राहून गेली, किंवा तुमच्या लक्षात आली नसेल. तुम्ही फार्मवर असाल, गाडी पत्नी चालवणार आहे. मग निवड करताना तिचं मत कुठे आहे? ती पुढच्या महिन्यात येतेय, तर तोवर थांबा. फार्मची पिकअप तेवढे दिवस मिळेल. ती आल्यावर तिला चालवू द्या, फाट्यापासून घरापर्यंतचे तेच नऊ किलोमीटर, शक्य असेल तर पावसानंतरच्या दिवशी. बसल्यावर बॉनेटची कडा दिसते का, मागचं दिसतं का, स्टेपनी एकटीला उतरवता येते का. एस्कुडोची स्टेपनी मागच्या दारावर असते, चिखलात गाडीखाली झोपावं लागत नाही, हा फायदा कुठल्या जाहिरातीत नसतो. वाहतूक तिकडेही डावीकडूनच आहे, त्यामुळे स्विफ्टवरून एस्कुडोवर यायला तिला आठवडा पुरेल. चिखलाचं मात्र शिकावं लागतं. नॉब फोर-एच लॉकवर आधीच लावायचा, रुतल्यावर नाही. ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवायचा. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की लगेच पाय काढायचा, नाहीतर गाडी स्वतःचा खड्डा स्वतः खणते. टायरची हवा वीस पीएसआयच्या आसपास उतरवली की पकड वाढते, डांबरावर यायच्या आधी ती परत भरायची. त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा काँप्रेसर गाडीत हवा. सोबत फावडं, टोचनाचा मजबूत पट्टा, जॅकखाली घालायला फळीचा तुकडा, पाण्याचा कॅन आणि टॉर्च. काळोख पडल्यावर त्या आतल्या रस्त्यावर जायचं नाही आणि मुसळधार पाऊस चालू असताना निघायचं नाही. ढग उघडल्यावर दोन-तीन तास ऊन पडलं तरी रस्ता बराच आवळून येतो.

सांबुरूला एस्कुडो खुशाल न्या. इसिओलोवरून आर्चर्स पोस्टपर्यंत डांबरी रस्ता आहे, पुढे राखीव क्षेत्रात कोरड्या दिवसांत काही अडणार नाही. तुर्कानाला मात्र ही गाडी नेऊ नका, आणि तुर्कानासाठी म्हणून मोठी गाडीही विकत घेऊ नका. सरोवराकाठच्या लोयांगालानीकडचा प्रदेश उष्ण, खडकाळ आणि विरळ वस्तीचा. तिकडे चालकासह भाड्याची लँड क्रूझर, तीही दुसरं एखादं कुटुंब सोबत घेऊन, दोन गाड्यांनी. वर्षातून एकदा होणाऱ्या त्या प्रवासाचं भाडं रोज मोठं इंजिन पोसण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

ही एस्कुडो हातची गेली तर हळहळू नका. शाळांची वर्षं संपतात तेव्हा, जून-जुलैत आणि वर्षाच्या शेवटी, परदेशी कुटुंबं परत जातात आणि सर्व्हिसच्या पावत्यांसकट गाड्या विकायला काढतात. तेव्हा थोडं थांबायची तयारी ठेवा. तपासणीचा अहवाल आला की त्यातले दोष आणि मॉडेल कोड मला कळवा. कशावर किती भाव पाडायचा आणि कशावरून सोडून द्यायची, ते ओळीओळीने सांगतो.